गाडी विजेवर आली. घड्याळ कोण लावणार?

जुलै २०२३ मध्ये जी-२० देशांच्या ऊर्जामंत्र्यांची बैठक गोव्यात भरली होती. त्याच आठवड्यात मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी जाहीर केले की, जानेवारी २०२४ पासून राज्यात नव्याने दाखल होणारी सर्व पर्यटक वाहने विजेवर चालणारी असतील. त्याआधी २०२१ मध्ये राज्याने विजेवरील वाहनांना प्रोत्साहन देणारे धोरण आणलेच होते. या घोषणांवर उलटसुलट चर्चा पुष्कळ झाली. गाड्यांच्या किमती, अनुदानाची थकबाकी, चार्जिंग केंद्रांची संख्या, टॅक्सीव्यवसायाचे भवितव्य असे सगळे विषय निघाले. एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. ही वाहने वीज घेणार कधी?

किती वीज लागेल, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. कधी लागेल, हा प्रश्न अवघड आहे आणि खर्च ठरतो तो त्याच्यावरच. वीज साठवून ठेवण्याची सोय आजही मर्यादित आणि महाग असल्याने ज्या क्षणी मागणी त्याच क्षणी निर्मिती, या तत्त्वावर ग्रीड चालते. देशाच्या ग्रीडची वारंवारिता ५० हर्ट्झच्या अगदी जवळ, ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राखावी लागते. मागणी अचानक वाढली की वारंवारिता घसरते आणि घसरण आवरली नाही तर काय होते हे उत्तर भारताने ३० व ३१ जुलै २०१२ च्या अंधारात अनुभवले आहे. त्या वेळी पश्चिम विभाग बचावला, म्हणून गोव्याच्या स्मरणात तो प्रसंग फारसा राहिलेला नाही.

गोव्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या घरात पोहोचली आहे. नव्या नोंदणीत विजेवरील वाहनांचे जे प्रमाण आहे, त्यात हे छोटे राज्य देशातील आघाडीच्या राज्यांत गणले जाते. तेव्हा हा प्रश्न गोव्यापुढे इतरांच्या आधी उभा राहणार आहे. आणि गोव्याची वीजव्यवस्था अशी आहे की, चुकीच्या उत्तराची किंमतही येथे अधिक मोजावी लागेल.

दूरवरून येणारी वीज

गोव्याकडे स्वतःचा मोठा वीजप्रकल्प नाही. आपल्या घरातील दिवा लागतो तो प्रामुख्याने छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल, तेलंगणातील रामगुंडम अशा केंद्रीय प्रकल्पांतून मिळणाऱ्या वाट्यावर. ही वीज कोल्हापूरकडून म्हापशाजवळच्या कोलवाळ उपकेंद्रात येणारी ४०० केव्ही वाहिनी आणि कर्नाटकातून फोंड्याकडे उतरणारी २२० केव्ही वाहिनी अशा मोजक्या वाटांनी घाट उतरून येते. वाटा मोजक्या असल्या की एकीत बिघाड झाल्यास दुसरीवर ताण येतो आणि तालुकेच्या तालुके काळोखात जातात.

वाट्यापेक्षा अधिक लागणारी वीज बाजारातून घ्यावी लागते. वीज विनिमय केंद्रांवर दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग पाडून खरेदी-विक्री होते. दुपारी, देशभरातील सौर प्रकल्प भरात असताना, दर कित्येकदा दोन-तीन रुपये युनिटच्याही खाली येतो. सूर्य मावळला की तोच दर चढू लागतो आणि टंचाईच्या दिवसांत केंद्रीय वीज नियामक आयोगाने घालून दिलेल्या १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ अखेर १०० गिगावॅटच्या पुढे गेली. त्यामुळे दुपारची स्वस्ताई आणि संध्याकाळची महागाई यांतील दरी वाढतच जाणार आहे. आधी कळवलेल्या वेळापत्रकापेक्षा राज्याने ऐनवेळी जास्त वीज उचलली, तर विचलनाचा आकार निराळा भरावा लागतो.

आता माणसाचा दिनक्रम पाहू. नोकरदार संध्याकाळी साडेसहा-सातला घरी येतो. दिवे, पंखे, एसी, टीव्ही, मिक्सर एकाच सुमारास सुरू होतात. किनारपट्टीवर हॉटेले आणि उपाहारगृहे उजळतात. पर्यटकाने दिवसभर फिरवलेली भाड्याची गाडीही त्याच सुमारास परतते. गाडी उभी केली की प्लग लावायचा, ही सवय मोबाइलने आपल्याला लावलेलीच आहे. म्हणजे काही नियोजन केले नाही, तर विजेवरील वाहन आपोआप सर्वांत महाग, सर्वांत टंचाईच्या आणि सूर्यप्रकाश नसल्याने सर्वांत कोळसाधारित अशा वेळीच वीज मागणार. पर्यावरणासाठी घेतलेली गाडी मग कोरब्याच्या कोळशावर धावणार.

एका वाड्याचे गणित

राज्यभराचे आकडे डोळ्यांसमोर आणणे कठीण असते. म्हणून एक वाडा कल्पावा. शंभर केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, त्यावर पन्नासेक घरे. मे महिन्यातील उकाड्याच्या रात्री आठ वाजता त्याच्यावर साठ किलोवॅटचा भार आहे असे धरू. ट्रान्सफॉर्मर नीट चालला आहे, कोणाची तक्रार नाही.

या वाड्यावर पंधरा कुटुंबांनी विजेवरील मोटार घेतली आणि घरी ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवला. पंधराही गाड्या संध्याकाळी एकदम चार्जिंगला लागल्या तर भार १०८ किलोवॅटने वाढतो. शंभराच्या ट्रान्सफॉर्मरवर १६८ चा भार. सगळे जण रोज गाडी चार्ज करणार नाहीत, सगळ्यांची वेळ मिनिटाला मिनिट जुळणार नाही, हे खरे. पण चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी किंवा लांबच्या प्रवासाहून सगळे परतलेल्या रविवारी ती जुळू शकते. आणि ट्रान्सफॉर्मर जळायला एक संध्याकाळ पुरते. जळला नाही तरी तो झिजतो. प्रमाणाबाहेरच्या तापमानात सहा ते आठ अंशांची दर वाढ ट्रान्सफॉर्मरमधील इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्म्यावर आणते, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे.

आता तेच गणित दुसऱ्या बाजूने करू. गोव्यात घर ते कार्यालय आणि परत, शिवाय बाजारहाट असे दिवसाचे चाळीस किलोमीटर धरले तर पुष्कळ झाले. छोटी मोटार एका युनिटमध्ये सहा ते आठ किलोमीटर जाते. म्हणजे रोजची गरज सुमारे सहा युनिट. पंधरा गाड्यांची मिळून नव्वद. ही नव्वद युनिटे रात्री अकरा ते सकाळी सहा या सात तासांत सारखी वाटून दिली, तर ट्रान्सफॉर्मरवर वाढणारा भार अवघा तेरा किलोवॅट.

गाड्या त्याच, अंतर तेच, युनिटे तीच. एका रीतीने १०८ किलोवॅट, दुसऱ्या रीतीने १३. चार्जिंगच्या समन्वयाचा सारा विषय या दोन आकड्यांतील फरकात सामावलेला आहे. घरगुती गाडी दिवसाचे बावीस तास उभी असते आणि तिला वीज हवी असते ती जेमतेम दोन तास. फ्रीजला अशी सवड नाही, पाण्याच्या पंपाला थोडी आहे. पण इतकी मोठी आणि इतकी लवचीक मागणी वीजखात्याला याआधी कधी मिळालेली नाही. तिच्याकडे केवळ संकट म्हणून पाहणे ही चूक ठरेल.

दुचाकींबाबत मात्र घबराटीचे कारण नाही. विजेवरील स्कूटरचा घरगुती चार्जर साधारण पाऊण किलोवॅटचा असतो, म्हणजे इस्त्रीपेक्षाही कमी. एका वाड्यावर दहा-वीस स्कूटर सहज सामावतात. पण लाखभर स्कूटर एकाच वेळी चार्जिंगला लागल्या तर तो भार ७५ मेगावॅट होतो आणि राज्याची एकूण सर्वोच्च मागणी अजून हजार मेगावॅटच्या आत असताना हा आकडा लहान नाही. दुचाकींचा प्रश्न वाड्यावरचा नाही, राज्याच्या वीजखरेदीचा आहे. मोटारींचा प्रश्न दोन्हीकडचा आहे.

स्वस्त दर पुरेसा का नाही?

केंद्र सरकारने दिशा दाखवलेली आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत जून २०२३ मध्ये दुरुस्ती करून वेळेनुसार वीजदराची तरतूद झाली. कृषी वगळता उर्वरित ग्राहकांसाठी उशिरात उशिरा १ एप्रिल २०२५ पासून ती लागू करायची होती, आणि स्मार्ट मीटर बसला की लगेच. दिवसातील आठ सौर तासांत दर किमान २० टक्क्यांनी कमी. कमाल मागणीच्या काळात व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना किमान १.२० पट, इतरांना किमान १.१० पट. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चार्जिंग केंद्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी हा फरक आणखी रुंद केला. सार्वजनिक केंद्रांना सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने आणि उरलेल्या वेळी १.३ पट दराने वीज द्यावी, असे त्यांत म्हटले आहे.

हे सारे योग्यच आहे. पण दर हे बोथट हत्यार आहे. आपल्या वाड्यावर परत जाऊ. रात्री अकरानंतर वीज स्वस्त, असे जाहीर झाले तर पंधराही ग्राहक गाडीच्या ॲपमध्ये अकराची वेळ लावतील. ठोक्याला पंधरा चार्जर एकदम सुरू होतील आणि १०८ किलोवॅटचा तोच डोंगर आठऐवजी अकरा वाजता उभा राहील. फरक इतकाच, की आता तो अधिक काटेकोर असेल, कारण माणसांच्या येण्याजाण्यातील विस्कळीतपणा त्यातून निघून गेलेला असेल. शिवाय ट्रान्सफॉर्मर रात्री थंड होतो, ती त्याची विश्रांतीही जाईल.

ब्रिटनने हा धोका ओळखून नियम केला. ३० जून २०२२ पासून तेथे घरी किंवा कार्यालयात बसवायचा प्रत्येक नवा चार्जर स्मार्ट असणे बंधनकारक आहे. कारखान्यातून निघतानाच त्यात आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री १० या वेळा टाळण्याची योजना घातलेली असते. ग्राहक ती बदलू शकतो; पण बहुतेक माणसे आधीच लावलेली योजना बदलत नाहीत, या मनुष्यस्वभावावर नियमाची भिस्त आहे. त्याहून महत्त्वाची तरतूद दुसरी. प्रत्येक चार्जर ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांपर्यंतचा, चिठ्ठी टाकल्यासारखा यादृच्छिक विलंब घेऊन सुरू होतो. हजारो चार्जर एकाच सेकंदाला जागे होऊ नयेत, एवढ्यासाठी ही साधी युक्ती. तिला ना मोठे नियंत्रण केंद्र लागते, ना ग्राहकाची माहिती.

जर्मनीने पुढचे पाऊल टाकले. १ जानेवारी २०२४ पासून तेथे नव्याने जोडलेल्या घरगुती चार्जरची शक्ती, स्थानिक जाळ्यावर खरोखर ताण आला तर, वितरण कंपनी तात्पुरती कमी करू शकते. मात्र ती ४.२ किलोवॅटच्या खाली नेता येत नाही आणि या मुभेच्या बदल्यात ग्राहकाला जाळेशुल्कात सवलत मिळते. ४.२ किलोवॅटने दोन तासांत आठ युनिटांहून अधिक वीज भरते, म्हणजे वर धरलेल्या रोजच्या गरजेहून जास्त. ग्राहकाची गाडी सकाळी तयार असते आणि जाळेही शाबूत राहते. हा सौदा उघड आहे, लेखी आहे आणि त्यात ग्राहकाचा तळ सुरक्षित आहे.

आपल्या जवळचे उदाहरण केरळचे. २०२४ च्या उन्हाळ्यात तेथील मागणीने विक्रम मोडले, तेव्हा केरळ राज्य विद्युत मंडळाला ग्राहकांना आवाहन करावे लागले की, संध्याकाळी आणि रात्रीच्या कमाल मागणीच्या काळात वाहने चार्ज करणे टाळा. कॅलिफोर्नियावरही हीच वेळ आली होती. २०३५ पासून नव्या पेट्रोल मोटारींची विक्री थांबवण्याचा निर्णय त्या राज्याने ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस घेतला आणि आठवडाभरातच उष्णतेच्या लाटेमुळे, दुपारी चार ते रात्री नऊ या वेळेत वाहने चार्ज करू नका, असे नागरिकांना सांगावे लागले. लोकांनी ऐकलेही. ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी मोबाइलवर सूचना गेल्यानंतर वीजमागणी लक्षणीय घटली आणि भारनियमन टळले. लोक सहकार्य करतात, हा यातील आश्वासक भाग. पण आणीबाणीतील आवाहन हे रोजच्या व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये वीजखात्याने हात जोडावेत आणि ग्राहकांनी ऐकावे, असे किती वर्षे चालेल?

रात्रीपेक्षा दुपार बरी

आतापर्यंत मध्यरात्रीच्या चार्जिंगचा विचार केला. ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने ते ठीक. पण देशाच्या वीजव्यवस्थेच्या दृष्टीने त्याहून चांगली वेळ दुपारची आहे. पश्चिम अमेरिकेतील ग्रीडवर स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही हाच होता. वाहने वाढतील तसे घरच्या रात्रीच्या चार्जिंगकडून दिवसाच्या, कार्यालयाजवळच्या चार्जिंगकडे वळले पाहिजे, असे त्यांनी दाखवून दिले. सौरऊर्जेचा वाटा वाढत जाणाऱ्या भारतालाही हे तर्कशास्त्र लागू पडते.

गोव्यात हे करणे तुलनेने सोपे आहे. अंतरे कमी आहेत आणि नोकरदार वर्ग ठरावीक जागी एकवटतो. पणजीतील सरकारी कार्यालये व पाटो परिसर, वेर्णा आणि कुंडई येथील औद्योगिक वसाहती, ताळगावातील विद्यापीठ या ठिकाणी शेकडो वाहने सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उन्हात उभी असतात. तेथे महागडी जलद चार्जिंग यंत्रेही नकोत. सात तास उभ्या असलेल्या गाडीला तीन किलोवॅटचे साधे, मीटर असलेले सॉकेट भरपूर झाले. वाहनतळावर सौर छत घातले तर सावली आणि वीज दोन्ही मिळतील. २०५० पर्यंत संपूर्ण वीज नवीकरणीय स्रोतांतून घेण्याचे ध्येय राज्याने जाहीर केले आहे. गाड्या संध्याकाळीच चार्ज होत राहिल्या तर ते ध्येय गाठणे अवघड होईल.

सदनिकांत भाड्याने राहणाऱ्यांचा प्रश्नही यातून काहीसा सुटतो. ज्याला हक्काची वाहनतळाची जागा नाही, ज्याच्या सोसायटीची समिती चार्जरला परवानगी देत नाही, त्याला रात्रीच्या स्वस्त दराचा काय उपयोग? कार्यालयातील सॉकेट त्याच्यासाठी खरी सोय ठरेल.

आधी ताफे, मग घरे

समन्वयाची सुरुवात कोठून करावी, हे ठरवताना एक कसोटी लावता येईल. ज्यांचे वेळापत्रक आधी माहीत आहे आणि ज्यांच्याशी एकाच टेबलावर बसून बोलता येते, ते आधी.

पहिला क्रमांक कदंब परिवहन महामंडळाचा. महामंडळाच्या विजेवरील बसगाड्या राज्यातील रस्त्यांवर धावत आहेत. बसचा चार्जर शंभर-दोनशे किलोवॅटचा असतो. दहा बस १२० किलोवॅटने एकदम भरायला घेतल्या तर एका आगारात १.२ मेगावॅटचा भार उभा राहतो. पण कोणती बस पहाटे पाचला सुटणार आणि कोणती साडेसातला, हे आगारप्रमुखाला आदल्या दिवशीच ठाऊक असते. आधी सुटणारी आधी भरायची, दुपारच्या विसाव्यात सौर तासांचा लाभ घ्यायचा आणि संध्याकाळी सात ते दहा हात आखडता ठेवायचा, हे काम संगणकाच्या छोट्या आज्ञावलीने होते. महामंडळ सरकारचे, वीजखातेही सरकारचेच. येथे अडचण असेल तर ती तंत्रज्ञानाची नसून दोन खात्यांनी एकत्र बसण्याची आहे.

दुसरा क्रमांक रेंट-अ-कॅब आणि भाड्याच्या दुचाकींचा. हा ताफा बहुतांशी बार्देश, तिसवाडी आणि सासष्टीच्या किनारी पट्ट्यात आहे. कळंगुट-बागा परिसरातील फीडरवर नाताळ ते नववर्ष या दिवसांत आधीच हॉटेलांचा भार असतो आणि भाड्याच्या गाड्यांचा हंगामही नेमका तोच. या व्यावसायिकांना वाहन परवाना देताना चार्जिंगच्या जागेची आणि वेळेच्या योजनेची अट घालता येईल. बदल्यात त्यांना सौर तासांतील दराचा पुरेपूर लाभ द्यावा.

टॅक्सीचालकाची गोष्ट मात्र वेगळी. भाडे मिळाले की त्याला निघावे लागते. त्याला रात्री अकरापर्यंत थांब म्हणणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे. दाबोळी आणि मोपा या विमानतळांजवळ, रेल्वे स्थानकांजवळ त्याच्यासाठी जलद चार्जिंग हवेच आणि ते ताणाच्या वेळीही चालू ठेवावे लागेल. समन्वय म्हणजे सर्वांना एकच वेळ ठरवून देणे नव्हे. ज्यांना सवड आहे त्यांची सवड वापरून ज्यांना नाही त्यांच्यासाठी जागा राखणे, असा त्याचा अर्थ आहे.

घरगुती ग्राहक शेवटी यावेत. पण त्यांच्यासाठीचा नियम आजच हवा. चार्जर एकदा भिंतीवर बसला की दहा वर्षे तसाच राहतो. म्हणून ठरावीक शक्तीपुढील प्रत्येक नव्या चार्जरला वेळापत्रक, यादृच्छिक विलंब आणि दूरसंदेश स्वीकारण्याची सोय असलीच पाहिजे, असा आग्रह आता धरावा लागेल. चार्जर आणि नियंत्रण केंद्र यांच्यातील संवादासाठी ओपन चार्ज पॉइंट प्रोटोकॉल ही खुली भाषा जगभर रूढ आहे. ती स्वीकारली नाही, तर प्रत्येक कंपनीचे यंत्र आपल्याच ॲपपुरते बोलेल आणि समन्वय करायचा तर दहा कंपन्यांच्या दारात उभे राहावे लागेल.

वाहनाच्या बॅटरीतून उलट ग्रीडला वीज देण्याची कल्पनाही अधूनमधून पुढे येते. डेन्मार्कमध्ये २०१६ पासून तिचे प्रयोग झाले आहेत. ती आकर्षक आहे. पण त्यासाठी निराळे चार्जर, निराळे मीटर आणि बॅटरीच्या झिजेचा हिशेब लागतो. चार्जिंग पुढे-मागे सरकवण्याला यातले फारसे काही लागत नाही आणि लाभाचा मोठा हिस्सा त्यातूनच हाती येतो. पहिली पायरी चढण्याआधी तिसरीची चर्चा करण्याचा मोह टाळलेला बरा.

बिल कोणाच्या नावावर?

या सगळ्यात न्यायाचा एक प्रश्न दडलेला आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. वाड्यावरचा ट्रान्सफॉर्मर बदलला, फीडर वाढवला, संध्याकाळी महाग वीज घेतली, तर तो खर्च पंधरा गाड्यांच्या मालकांच्या बिलात वेगळा दिसत नाही. वीजखात्याच्या एकूण खर्चात तो मिसळतो, संयुक्त वीज नियामक आयोगापुढे जातो आणि पुढील दरवाढीत सर्वांवर वाटला जातो. त्यात सत्तरीतील फीडरच्या शेवटच्या टोकाला राहणारी, दोन दिवे आणि एक पंखा वापरणारी विधवाही येते. तिच्याकडे गाडी नाही, ती कधी घेणारही नाही. व्होल्टेज घसरले की सर्वांत आधी मंदावतो तो तिचा पंखा. समन्वयाअभावी होणारा खर्च ती भरणार असेल, तर हरित वाहतुकीच्या नावाखाली आपण गरिबाकडून श्रीमंताच्या गाडीसाठी वर्गणी गोळा करत आहोत, असे म्हणावे लागेल.

दुसरी किंमत जंगलाची. मोले परिसरातून जाणाऱ्या गोवा-तमनार पारेषण प्रकल्पावरून झालेले आंदोलन अजून विस्मरणात गेलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये, जंगलात नवा पट्टा तोडण्याऐवजी असलेल्या २२० केव्ही वाहिनीच्या मार्गाचाच वापर करावा, अशी शिफारस केली होती. चार्जिंगचे नियोजन केले की नव्या वाहिन्यांची गरजच उरणार नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. विजेच्या वाटा मोजक्या असणे हा गोव्याचा खरा दुबळेपणा आहे आणि तो दूर करावाच लागेल. पण वाहिनीची क्षमता ठरते ती वर्षातील मोजक्या संध्याकाळच्या कमाल मागणीवरून. ती टेकडी जितकी बुटकी ठेवता येईल, तितकी पुढची वाहिनी आणि पुढचे उपकेंद्र लांबणीवर पडेल. दुपारी भरलेली प्रत्येक गाडी त्या अर्थाने एखाद्या झाडाचे आयुष्य वाढवते.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. माझ्या गाडीला वीज कधी मिळावी हे सरकारने का ठरवावे, हा पहिला. त्याचे उत्तर असे की, अखेरचा शब्द ग्राहकाचाच राहिला पाहिजे. रात्री रुग्णालयात धावावे लागेल अशी शंका असणाऱ्याला एक बटण दाबून तात्काळ चार्जिंग सुरू करता आले पाहिजे, फार तर थोडा जास्त दर देऊन. दुसरा आक्षेप माहितीचा. कोण घरी कधी येतो आणि बाहेर कधी जातो, हे चार्जरच्या नोंदींतून कळते. ही माहिती वीजखात्यापलीकडे जाणार नाही, याची कायदेशीर हमी योजनेआधी हवी, नंतर नव्हे.

आज करण्याजोगे

यातील बहुतेक पावलांना मोठा निधी लागत नाही. मोटारीचा चार्जर बसवणाऱ्या प्रत्येकाची नोंद कोणत्या ट्रान्सफॉर्मरवर झाली, याची तालुकावार यादी वीजखाते ठेवू शकते. ती नसेल तर कोणता ट्रान्सफॉर्मर आधी दमणार हे तो जळाल्यावरच कळेल. कदंबच्या एका आगारात वर्षभर नियोजित चार्जिंग करून त्याचा हिशेब लोकांसमोर मांडता येईल. सरकारी वाहनतळांवर साध्या सॉकेटांची सोय करता येईल. आयोगापुढील पुढच्या दरसुनावणीत वाहनांसाठी सौर तासांचा ठळक, सामान्य ग्राहकाला बिलावर वाचता येईल असा दर मागता येईल. या सुनावण्या जाहीर असतात आणि तेथे बोलण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, याची आठवण आपणही ठेवायला हवी.

आज विजेवरील मोटारी थोड्या आहेत. म्हणूनच नियम करणे सोपे आहे, कारण कोणाची सवय मोडावी लागणार नाही. पाच वर्षांनी वाड्यावाड्यावर मनमानी चार्जर बसलेले असतील आणि तेव्हा वेळ बदला म्हणणाऱ्या वीजखात्याला, गाडी घेताना का नाही सांगितले, असा प्रश्न विचारला जाईल. तो प्रश्न रास्त असेल. गाडीच्या किमतीवर अनुदान द्यावे की नाही, यावर सरकारला वाटेल तितका वेळ घेता येईल. चार्जर कसा असावा आणि केव्हा चालावा, हे ठरवायला मात्र तेवढी सवड नाही.